‘आम्ही’ आणि ‘आपण’: एकाच आवाजाचे दोन अर्थ आणि फिनॉमिनॉलॉजी

आषाढ सरता सरता पुण्यात मुठेच्या पात्रालगत गणेशोत्सवासाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि त्यांच्या पाठोपाठ दरवर्षीचा वादही सुरू होतो. पथकातील मुलामुलींच्या लेखी तो गजर असतो, तर काठावरच्या इमारतींत राहणाऱ्या अनेकांच्या लेखी गोंगाट. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने विसर्जन मिरवणुकीतील प्रत्येक पथकाची सदस्यसंख्या ३० वर आणण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवून दिलेली आहेच. आदेश, स्थगिती आणि आकडे एवढे सगळे हाताशी असूनही वाद मिटत नाही. तो का मिटत नाही, या प्रश्नापाशी तत्त्वज्ञानातील एका विचारपरंपरेचा मोठा उपयोग होतो, आणि तिची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

हा वाद माझ्या घरातच आहे. माझी मुलगी पथकात ढोल वाजवते. त्याच घरात, नदीकडच्या खोलीत, माझ्या सासूबाई खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे अंथरुणाला खिळून होत्या. संध्याकाळी सराव सुरू झाला की एकीचा चेहरा उजळत असे आणि दुसरीचा ओढला जात असे. खिडकीशी ध्वनिमापक धरला असता, तर दोघींसाठी एकच आकडा दिसला असता. मग दोघींनी ऐकले ते एकच होते का?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या शास्त्राला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात. मराठीत तिला वेगवेगळे प्रतिशब्द सुचवले गेले आहेत. अनुभवाची मीमांसा असे म्हटले तर अर्थ पुष्कळसा पोहोचतो. गोष्टी आपल्याला जशा प्रतीत होतात, त्या प्रतीतीचेच काळजीपूर्वक वर्णन करायचे आणि त्या वर्णनातून अर्थ कसा घडतो हे शोधायचे, असा तिचा थोडक्यात मार्ग आहे.

नुसता आवाज कुणीच ऐकत नाही

या परंपरेचा पाया एडमंड हुसर्ल (१८५९–१९३८) या तत्त्वज्ञाने घातला. मोरावियात जन्मलेल्या हुसर्ल यांचे शिक्षण मुळात गणिताचे होते आणि त्यांची डॉक्टरेटही गणितातच होती. व्हिएन्नात फ्रान्झ ब्रेंटानो यांच्या व्याख्यानांमुळे ते तत्त्वज्ञानाकडे वळले. ब्रेंटानो यांच्याकडून त्यांनी घेतलेला एक विचार पुढच्या सगळ्याचे मूळ आहे: जाणीव नेहमी कशाची तरी जाणीव असते. नुसते पाहणे, नुसते ऐकणे, नुसते आठवणे असे काही नसते. पाहिले जाते ते काहीतरी म्हणून, ऐकले जाते ते काहीतरी म्हणून. जाणिवेच्या या स्वभावाला विषयोन्मुखता म्हणतात.

‘म्हणून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दारावर थाप पडली की आपल्याला अमुक तीव्रतेचा ध्वनी ऐकू येऊन मग आपण त्याचा अर्थ लावतो, असे होत नाही. आपल्याला थेट ‘कुणीतरी आले’ असेच ऐकू येते. हुसर्ल यांचे शिष्य मार्टिन हायडेगर यांनी १९२७ साली हाच मुद्दा मांडताना म्हटले की, आपण आधी ध्वनींचे पुंजके ऐकत नसतो, तर करकरणारी गाडी किंवा मोटारसायकलच ऐकत असतो. नुसता ध्वनी ऐकण्यासाठी उलट विशेष प्रयत्न करावा लागतो. ध्वनिअभियंता तो करतो, पण तीही शिकलेली नजर असते.

म्हणून माझ्या मुलीने ऐकलेला ‘दुसरा हात’ आणि सासूबाईंनी ऐकलेला ‘धडधडाट’ यांत आवाज एक आणि त्यावर चढवलेले अर्थ दोन, अशी विभागणी अनुभवाला धरून नाही. (पथकात वाजवण्याच्या ठरावीक ठेक्याला ‘हात’ म्हणतात.) अर्थ हा ऐकण्याच्या आतच असतो, वरून लावलेला नसतो.

मराठी हे सुंदर रीतीने नोंदवते. ‘मी ऐकते’ आणि ‘मला ऐकू येते’ ही दोन वाक्ये आपण सहज वेगळी वापरतो. पहिल्यात मी कर्ती आहे. दुसऱ्यात ऐकणे माझ्यापाशी येते. मला कळले, मला आठवले, मला भासले, मला पटले, या सगळ्या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत जाऊन बसते. माझी मुलगी ढोल ऐकते. सासूबाईंना तो ऐकू येतो. वादाचे अर्धे मर्म या एका फरकात सामावलेले आहे.

कंसात ठेवणे

अनुभवाचे असे वर्णन करायचे तर एक शिस्त पाळावी लागते. एरवी आपण जग जसे दिसते तसे धरूनच चालतो. रस्ता आहे, घड्याळ बरोबर आहे, समोरची व्यक्ती माणूस आहे, याबद्दल आपल्याला कधी शंका येत नाही. हुसर्ल म्हणतात, ही खात्री काही काळ कंसात ठेवा. शब्द गणिताचा आहे आणि तो नेमका आहे. कंसात ठेवलेले पद पुसले जात नाही किंवा नाकारलेही जात नाही. ते तिथेच राहते, फक्त त्याच्यावर पुढची क्रिया तूर्त थांबते.

ढोलाच्या बाबतीत हे करून पाहायचे तर ‘आवाज खरोखर जास्त आहे की नाही’, ‘परंपरा मोठी की प्रकृती’, ‘कायदा काय म्हणतो’ हे सगळे प्रश्न घटकाभर कंसात ठेवायचे आणि एवढेच विचारायचे: या क्षणी, या व्यक्तीला, हे कसे प्रतीत होत आहे? वादात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असे प्रत्येकजण गृहीत धरतो.

आत्ताचा ठोका आणि त्याच्या पुढचा ठोका

अशा वर्णनाचा हुसर्ल यांनी केलेला सर्वांत सुंदर नमुना काळाविषयीचा आहे. १९०५ सालच्या त्यांच्या व्याख्यानांत उदाहरण होते ते सुरावटीचे. सुरावट ऐकताना कानावर एका क्षणी एकच सूर पडत असतो. तरी आपल्याला सुटे सूर ऐकू येत नाहीत, चाल ऐकू येते. हे शक्य होते, कारण नुकताच सरलेला सूर जाणिवेतून पूर्ण निसटलेला नसतो आणि येऊ घातलेल्या सुराची चाहूल लागलेली असते. ही मुद्दाम केलेली आठवण नव्हे आणि मुद्दाम केलेला तर्कही नव्हे. ‘आत्ता’ हा क्षण टोकदार नसतो. त्याला मागची शेपूट असते आणि पुढची चाहूल असते.

पथकाचा सराव जवळून पाहिला तर हे डोळ्यांनी दिसते. कमरेला ढोल बांधलेली नवी मुलगी एका हाताने टिपरू चालवते आणि दुसऱ्या हाताने थाप देते, आणि तिची नजर सुरुवातीला स्वतःच्याच हातांवर असते. ती ठोके मोजते, म्हणून एक पाऊल मागे राहते. ठोका पडून गेला की तिला कळते, तो पडायला हवा होता. दहाबारा दिवसांनी एका संध्याकाळी तिची मान वर होते. ताशावाल्याच्या काड्या बदलण्याच्या आधीच तिचे टिपरू उचललेले असते. कुणी विचारले तर ती सांगते, ‘आता मला येतंय ते कळतं.’ माझ्या मुलीने मला अगदी याच शब्दांत सांगितले होते. तिच्या ‘आत्ता’ला पुढची चाहूल फुटली होती.

खिडकीआड पडून असलेल्या व्यक्तीच्या ‘आत्ता’मध्ये मात्र ही चाहूल नसते. हे लक्षात राहू द्यावे. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

‘ज्याचे जळते त्याला कळते’, मग दुसऱ्याला कसे कळणार?

इथे कुणीही आक्षेप घेईल की, अनुभव जर ज्याचा त्याचा असेल, तर प्रत्येकजण आपापल्या अनुभवात कोंडलेला आहे आणि सामाईक अर्थ ही केवळ बोलण्यापुरती गोष्ट आहे. हा आक्षेप हुसर्ल यांनाही सतावत होता. १९२९ साली पॅरिसमध्ये दिलेल्या आणि नंतर विस्तारलेल्या व्याख्यानांत त्यांनी त्याच्याशी झुंज घेतली. त्याआधी त्यांच्या शिष्या एडिथ श्टाइन यांनी आपला प्रबंधच समानुभूतीवर, म्हणजे दुसऱ्याचा अनुभव आपल्याला कसा जाणवतो या प्रश्नावर लिहिला होता. दोघांनीही एक गोष्ट आग्रहाने सांगितली: दुसऱ्याचे दुःख मला तो भोगतो तसे कधीच मिळत नाही, आणि तरीही मी ते केवळ अंदाजाने ओळखत नाही. कुणी कळवळले तर आपण आधी स्नायूंची हालचाल पाहून मग ‘बहुधा वेदना असावी’ असा निष्कर्ष काढत नाही. आपल्याला वेदना दिसते. ती त्याची म्हणून दिसते, आणि नेमके याच कारणाने ती माझी होत नाही.

म्हण खरी आहे, पण अर्धी. ज्याचे जळते त्याला जसे कळते तसे मला कळणार नाही. पण त्याचे जळते आहे हे मला कळते, नाहीतर ही म्हण मी दुसऱ्यासाठी वापरलीच नसती.

दिवसा बँकेत, रात्री तत्त्वज्ञान

हा विचार समाजाच्या अभ्यासात आणला तो आल्फ्रेड शुत्झ (१८९९–१९५९) यांनी. व्हिएन्नात जन्मलेले शुत्झ पहिल्या महायुद्धात लढून परतले, कायदा शिकले आणि उपजीविकेसाठी बँकेत नोकरी करू लागले, तत्त्वज्ञान रात्री. १९३२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ वाचून हुसर्ल यांनी त्यांना साहाय्यक होण्यास सुचवले, पण शुत्झ यांनी बँक सोडली नाही. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ते आधी पॅरिसला आणि १९३९ साली न्यूयॉर्कला गेले, आणि तिथेही नोकरी सांभाळून ‘न्यू स्कूल’ या संस्थेत शिकवत राहिले.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी म्हटले होते की, माणसाची कृती समजायची तर त्याने तिला दिलेला अर्थ समजला पाहिजे. शुत्झ यांनी विचारले: तो अर्थ येतो कुठून आणि मला पोहोचतो कसा? त्यांचे उत्तर समजायला पुन्हा संगीताकडेच जावे लागते, कारण १९५१ साली त्यांनी एकत्र संगीत वाजवण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, दोन वादक एकत्र वाजवतात तेव्हा त्यांच्यात शब्दांची देवाणघेवाण होण्याच्या आधीच एक जुळणी होते. प्रत्येकाच्या आत चाललेला काळाचा प्रवाह दुसऱ्याच्या प्रवाहाशी जुळतो आणि दोघे एकच वर्तमान जगतात. हे घड्याळाने साधत नाही. एकमेकांचा चेहरा, श्वास आणि हाताची उचल पाहून ते साधते. शुत्झ यांच्या मते अर्थाची सगळी देवाणघेवाण, भाषासुद्धा, या जुळणीवर उभी असते.

या जुळणीला शुत्झ ‘आम्ही-नाते’ म्हणतात, निदान भाषांतरात तरी. जर्मनला आणि इंग्रजीला यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीला दोन आहेत, आणि म्हणून शुत्झ मराठीत अधिक नेमके सांगता येतात असे माझे ठाम मत आहे. ‘आम्ही जेवायला जातोय’ आणि ‘आपण जेवायला जातोय’ यांत ऐकणाऱ्याचे ताट ठरते. शुत्झ ज्याबद्दल बोलत होते ते ‘आपण’. त्यात समोरचा धरलेला असतो आणि त्यालाही आपण धरलेले आहोत हे माहीत असते. पथकातील मुले वाजवताना ‘आपण’ असतात. ती काठावरच्या लोकांशी बोलायला येतात तेव्हा ‘आम्ही’ होतात, आणि इमारतीतूनही ‘आम्ही’च उत्तर जाते.

शुत्झ यांनी गुरूशी मतभेद नोंदवला तोही इथेच. एकट्या जाणिवेपासून सुरुवात करून दुसरा माणूस सिद्ध करण्याचा हुसर्ल यांचा प्रयत्न त्यांना फसलेला वाटला. माणूस आईच्या पोटी जन्माला येतो तोवर ‘आपण’ हे नाते बाकी सगळ्याच्या आधी असणार, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. मूल ‘मी’ म्हणायला शिकण्याच्या कितीतरी आधी कुणाच्या तरी डोळ्यांत पाहून हसलेले असते.

काका, मामा, मावशी

पण शहर समोरासमोरच्या ओळखीवर चालत नाही. कोथरूडहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये मी चढते तेव्हा चालकाला मी ओळखत नाही. तरीही तो मला हडपसरला नेऊन सोडणार नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नसते. शुत्झ यांचे उदाहरण टपालपेटीचे होते: पत्र पेटीत टाकताना मी अशा माणसांवर विसंबते ज्यांना मी कधीच भेटणार नाही, पण जी ‘टपाल खात्यातील माणसे’ म्हणून ठरावीक रीतीने वागतील असे मी धरून चालते. अशा साच्यांचा, रीतींचा आणि ‘असे असते तेव्हा असे करायचे’ या जाणकारीचा मोठा साठा आपल्या हाताशी असतो. मी त्याला शिदोरी म्हणेन, कारण त्यातील फारच थोडे आपण स्वतः शिजवलेले असते. बहुतेक सगळे घरच्यांनी आणि आधीच्यांनी बांधून दिलेले असते.

पुण्यातील रस्त्यावर हे साचे नात्यांच्या शब्दांत ऐकू येतात. वाहतूक पोलीस मामा, रिक्षावाले काका, भाजीवाली मावशी, दुचाकी आडवी लावणारा दादा. ‘काका, डेक्कनला येणार का?’ या प्रश्नात ‘काका’ हा शब्द वय, आदर, सौदा आणि एवढ्यापुरतीच ओळख, हे सगळे एका दमात ठरवून टाकतो. तोच शब्द एखाद्या तिशीतल्या माणसाला लावून पाहावा. साचा चुकल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

या साच्यांच्या मुळाशी एक विश्वास असतो. मी तुझ्या जागी असते तर मला तुझ्यासारखेच दिसले असते, आणि तुझ्या-माझ्या गरजा वेगळ्या असल्या तरी आत्ताच्या कामापुरते आपण एकाच गोष्टीला एकच समजतो, असे दोघेही धरून चालतात. फोनवर ‘माझ्या डावीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडे’ असे आपण सांगतो तेव्हा आपण नेमके हेच करत असतो. दृष्टिकोनांची ही अदलाबदल कुणी कुणाला सिद्ध करून दाखवत नाही. ती उसनी दिलेली असते, आणि व्यवहार सुरळीत चालला की परतफेड होत राहते.

नव्याने आलेल्या माणसाकडे ही शिदोरी नसते. १९४४ साली, स्वतः निर्वासित असताना, शुत्झ यांनी परक्या माणसावर एक निबंध लिहिला. गावातील माणसाला जे कृती करण्यापुरते माहीत असते, ते परक्याला आधी ज्ञान म्हणून मिळवावे लागते. शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या तरुणाला घरमालकीणबाई निघताना ‘येते हं’ म्हणतात, तेव्हा तो खुर्ची पुढे करतो. निघताना ‘जाते’ म्हणायचे नसते हे कोणत्याही शब्दकोशातून त्याला कळणार नाही. नदीकाठी भाड्याने खोली घेतलेल्या अशा माणसाला जुलैच्या संध्याकाळी अचानक ढोल ऐकू येतात, तेव्हा त्याच्याजवळ मांडवाची, वर्गणीची, लहानपणी खांद्यावर बसून पाहिलेल्या मिरवणुकीची काहीच आठवण नसते. त्याला गजर ऐकू येत नाही यात त्याचा दोष नाही.

लकडी पूल लाकडाचा नाही

डेक्कनकडून अलका चौकाकडे जाणारा पूल आज लाकडाचा नाही आणि त्याचे अधिकृत नावही वेगळे आहे. तरीही ‘लकडी पुलापाशी भेट’ म्हटले की माणसे बरोबर तिथेच भेटतात. मूळ पूल ज्यांनी पाहिला त्यांतले आज कुणी नाही. अनुभव गेला, शब्द उरला, आणि शब्दातून एक सामाईक जागा उरली.

अर्थ असा साठत, घट्ट होत संस्था कसा बनतो याचे वर्णन शुत्झ यांच्याच परंपरेतील पीटर बर्गर आणि थॉमस लुकमान यांनी १९६६ सालच्या ग्रंथात केले. त्यांच्या मते हे तीन पायऱ्यांत घडते: माणसे काहीतरी करतात, ते इतके रुळते की करणाऱ्यांपासून सुटून वस्तूसारखे उभे राहते, आणि पुढची पिढी ते जगाचा भाग म्हणून आत्मसात करते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा मानाच्या गणपतींचा क्रम एकेकाळी कुणीतरी ठरवला. आज लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलाला तो पर्वती टेकडीइतकाच निसर्गसिद्ध वाटतो.

हे किती खोल रुजलेले असते हे पाहण्यासाठी हॅरॉल्ड गार्फिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना घरी पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत भाडेकरूसारखे वागायला सांगितले. नम्रपणे, औपचारिकपणे, परवानगी घेऊन. घरचे चकित झाले, मग चिडले. तब्येत बरी नाही का, भांडण झाले का, असे विचारू लागले. आपल्याकडे एखाद्या मुलाने जेवताना ‘आई, आपली हरकत नसेल तर मी आणखी एक पोळी घेऊ का?’ असे विचारून पाहावे. वाक्यात काहीच वावगे नाही, तरी ताटावर शांतता पसरेल. सामाईक अर्थ तुटला की माणसाला चूक झाल्यासारखे वाटत नाही, आपल्याशी कुणी दगा केल्यासारखे वाटते. ढोलाच्या वादात दोन्ही बाजूंना राग का येतो, हे मला गार्फिंकल वाचल्यावर समजले.

मग डेसिबलला काहीच अर्थ नाही का?

आहे, आणि पुष्कळ आहे. मोठ्या आवाजाने कानाला इजा होते आणि ती वर्णनाने बरी होत नाही. फिनॉमिनॉलॉजी विज्ञानाच्या विरोधात आहे हा समज चुकीचा आहे. हुसर्ल यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, ज्यूंवरील निर्बंधांमुळे विद्यापीठाचे दार बंद झालेले असताना, १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या लिखाणात एवढेच दाखवले की, मोजमाप हवेत उभे नसते. गॅलिलिओपासून निसर्ग गणिताच्या भाषेत मांडला जाऊ लागला हे मोठेच यश होते, पण त्या नादात मोजमाप ज्या जगातून निघाले त्या जगाचा विसर पडला. आपण जन्मतो, झोपतो, आजारी पडतो, सण साजरे करतो त्या जगाला त्यांनी जीवनविश्व म्हटले.

रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा १० डेसिबलने कमी का? हवेतील कंपनांना रात्र आणि दिवस सारखेच असतात. फरक यासाठी, की रात्री माणसे झोपतात. म्हणजे आकड्याच्या आत झोप आहे. नियमाने आपल्या सामाईक जगण्यातलीच एक गोष्ट उचलून आकड्यात ठेवली, आणि वाद घालताना आपण आकडा धरतो आणि झोप विसरतो.

अर्थ सामाईक असणे म्हणजे सगळ्यांचे एकमत असणे, असेही नाही. भांडायलाही सामाईक अर्थ लागतो. तक्रार करणारा आणि ढोल वाजवणारा दोघांनाही ‘मिरवणूक’, ‘रात्र’, ‘आजारी माणूस’ हे शब्द सारखेच कळतात. कळत नसते तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचलाच नसता.

जे गृहीत आहे ते न्याय्य आहे का?

या परंपरेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. शुत्झ यांच्या वर्णनात रोजचे जग जरा अतिच सलोख्याचे दिसते. शिदोरी कुणी बांधली आणि तीत कुणाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्यांनी फारसा विचारला नाही. महाराष्ट्रात बसून हा प्रश्न टाळता येत नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, तरीही महाडचे चवदार तळे अस्पृश्य मानलेल्यांसाठी बंदच राहिले. नियम बदलला होता; ‘सार्वजनिक’ या शब्दाचा लोकांच्या अंगवळणी पडलेला अर्थ बदलला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्या शब्दाला नवा अर्थ मिळू लागला. तो ओंजळीने मिळाला, कागदाने नव्हे. त्याच्याही कितीतरी आधी, १८४८ साली, बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा ‘शाळेत जाणारी मुलगी’ हा साचाच पुण्याकडे नव्हता.

जातीचा आणि स्पर्शाचा अनुभव याच पद्धतीने तपासण्याचे काम आपल्या काळात गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई या भारतीय विचारवंतांनी केले आहे. दुसऱ्याच्या अनुभवावर सिद्धांत मांडण्याचा अधिकार कुणाला, हा त्यांच्यातील वाद प्रत्येक समाजअभ्यासकाने वाचावा असा आहे. मला त्यातून एवढे निश्चित वाटते की, अर्थ माणसांनी मिळून घडवलेला आहे हे दाखवणे म्हणजे तो बदलता येतो हे दाखवणे होय. आज मुली कमरेला ढोल बांधतात, यामागेही कुणीतरी पहिल्यांदा टोमणे ऐकलेले आहेत.

बैठकीत झालेली एक गोष्ट

आमच्या इमारतीतील रहिवासी आणि जवळ सराव करणाऱ्या एका पथकातील मुले यांची बैठक झाली. पहिला अर्धा तास अपेक्षेप्रमाणे गेला: डेसिबल, परंपरा, परीक्षा, परवानगी. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘आम्ही’ने होत होती. मग पथकातील एका मुलीने विचारले की, तुम्हाला नेमका त्रास कसला होतो, म्हणजे आत बसून काय वाटते? मला तो प्रश्न कंसात ठेवण्याच्या शिस्तीचा नमुनाच वाटला, तिने हुसर्ल यांचे नावही ऐकलेले नसणार तरीही.

मी सासूबाईंचे म्हणणे सांगितले, कारण आदल्या रात्री मी त्यांना प्रथमच हे विचारले होते. त्या म्हणाल्या होत्या, ‘आवाजाचं एवढं नाही गं. थांबतो, वाटतं संपलं, डोळा लागतो, आणि पुन्हा सुरू होतो. कधी संपणार तेच कळत नाही.’ मग तळमजल्यावरच्या आजोबांनीही मान हलवली आणि लहान बाळ असलेल्या आईनेही.

मुलांना हे अगदी नवीन होते. त्यांना मधली शांतता ऐकूच येत नसे. ढोल ताणायला, पाणी प्यायला, नवा हात समजावून सांगायला घेतलेली ती विश्रांती त्यांच्या लेखी सरावाचाच भाग होती आणि तिच्यानंतर काय येणार हे त्यांना ठाऊक होते. खिडकीआड मात्र त्या शांततेला पुढची चाहूल नव्हती.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फाटकावर हाताने लिहिलेला एक कागद लागला: सराव सायंकाळी ७ ते ९, मध्ये ८ वाजता दहा मिनिटे विश्रांती, सोमवारी सुट्टी, आणि खाली ‘आपण फोन करू शकता’ असे लिहून एक क्रमांक. ढोल तेवढेच होते आणि खिडकीही तीच होती. सासूबाईंनी झोपेची गोळी साडेआठऐवजी नऊला घ्यायला सुरुवात केली. एका सोमवारी त्यांनी नातीला विचारले, ‘आज सुट्टी ना तुमची?’ नात म्हणाली, ‘हो आजी, आज आपल्याला सुट्टी.’